सासऱ्यांची व्हॅन मी रंगवली

व्हॅनच्या डाव्या सरकत्या दाराला वीतभर ओरखडा गेला होता. तो सासऱ्यांना कळायच्या आत गुपचूप बुजवून टाकावा, असं मी ठरवलं. बस्स, एवढाच निर्णय. (मोठे निर्णय घ्यायची मुभा मला ना कचेरीत आहे ना घरात. मी छोटे निर्णय घेतो, आणि मग ते आपले आपण मोठे होतात.)

मी मनिष. डहाणूला एका सरकारी कचेरीत क्लार्क आहे. डहाणू रोडला स्टेशनच्या मागे दोन खोल्या आणि पुढे थोडं अंगण, असा आमचा भाड्याचा संसार. बायको निर्मला. सासरवाडी तलासरी तालुक्यात उधव्याला, गुजरातची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. सासरे देवजीबाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मारुती व्हॅन घेतली. पांढरी. पण नुसती पांढरी गाडी त्यांच्या डोळ्यांना सोसेना, म्हणून दोन्ही बाजूंनी त्यांनी स्वतःच्या हाताने लाल पट्टा ओढला. नोकरी सुटली तरी एसटी काही सुटली नव्हती.

ती व्हॅन म्हणजे अख्ख्या पाड्याची गाडी. बाळंतिणी तिच्यातून गेल्या, नवऱ्या तिच्यातून आल्या, भाताची पोती दोन्हीकडे फिरली. पाड्याच्या अलीकडे वळणावर ताडाची झाडं आहेत. तिथे आले की बाबा हॉर्न द्यायचे, दोन छोटे आणि एक लांब. तो ऐकला की सासूबाई चुलीवर चहाचं आधण ठेवायच्या. पाड्यातली कुत्रीसुद्धा त्या हॉर्नला भुंकत नसत.

आणि मग बाबांच्या किडन्या गेल्या. एक दिवस ते अंगणातच पडले आणि त्यांना ॲम्ब्युलन्समधून सेलवासच्या दवाखान्यात न्यावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी डॉक्टरांकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, "मना इथं कशातून आणला?"

"ॲम्ब्युलन्समधून, बाबा."

"घरी नेताना आपली गाडी आण. त्या नुसत्या पांढऱ्या गाडीत आडवा होऊन आमच्या पाड्यात आलेला माणूस उठून बसलेला मी नाय बघितला."

"आणतो."

"बोल, आपलीच आणशील."

"आपलीच आणतो, बाबा."

डॉक्टर आम्हाला बाहेर म्हणाले, थोडे दिवस ठेवू, मग घरीच न्या. 'घरीच' या शब्दाचा अर्थ आम्हाला सगळ्यांना कळला. निर्मलाची धाकटी बहीण पुष्पा बाबांजवळ राहिली. सासूबाईंचं नाव बुधीबाई; त्या कोंबड्या आणि घर बघायला पाड्यात परतल्या. व्हॅनची किल्ली माझ्या हातात आली. मरणाऱ्या माणसाने शेवटचं मागणं मागितलं होतं आणि ते पुरं करणं अगदी सोपं होतं. गाडी नेऊन उभी करायची, एवढंच. यात घोळ घालायला खास अंगची हुशारी लागते.

ती माझ्याकडे होती. मासळीबाजाराजवळ व्हॅन मागे घेताना निर्मला म्हणाली, "थांबा." मी म्हणालो, "मला कळतं." त्यानंतर जो आवाज झाला तो आम्हा दोघांनाही कळला. सिमेंटचा खांब होता. खांबाला काही झालं नाही.

आता शहाणा माणूस गॅरेजला जाईल. पण डहाणूपासून उधव्यापर्यंत जो कोणी गाड्या रंगवतो तो सासऱ्यांचा कोणी ना कोणी लागतो. एक भाचा, एक साडू, एकाला त्यांनी गाडी शिकवलेली. मी एकाच्या दारात गेलो असतो तर ओरखड्याची बातमी सेलवासला माझ्याआधी पोचली असती. म्हणून मी मोबाईलवर रंगकामाचे व्हिडिओ बघितले. व्हिडिओतला माणूस मांजरीला कुरवाळावं तसा दार घासत होता आणि गाडी नवीकोरी होत होती. मला वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल.

"दुकानातून काय आणायचं ते नीट विचारून आणा," निर्मला म्हणाली. "भाजीसारखं नको."

"रंग आणायचाय. त्यात काय विचारायचं?"

स्टेशनजवळच्या रंगाच्या दुकानात शेठ गल्ल्यावर बसले होते. मी म्हणालो, "गाडीला लावायचा पांढरा रंग द्या."

"कोणता पांढरा?"

"पांढरा."

"पांढऱ्यात पण लय प्रकार आवे, साहेब. गाडीवर कंपनीचा पत्रा असेल, त्याच्यावर रंगाचा कोड असेल, तो आणा."

पत्रा होता. पण त्याच्यावर बाबांनी गणपती चिकटवला होता. दवाखान्यात माणूस पडलेला असताना गणपती खरवडायचा धीर मला झाला नाही. (हा माझा या सगळ्या प्रकरणातला एकमेव बरा विचार, आणि त्यानेच पुढचं सगळं बिघडवलं.) मी म्हणालो, कोड नाही. शेठनी डब्यांची झाकणं उघडून दाखवली. मला जो सगळ्यात पांढरा दिसला तो मी उचलला. बाबांची गाडी उन्हापावसात कधीच सायीच्या रंगाची झाली होती, हे मला तिथे आठवलं नाही.

मग पॉलिश पेपर. शेठ म्हणाले, "कोणता नंबर?" आता नंबर जितका मोठा तितका कागद खरखरीत असणार, हे कुठल्याही क्लार्कला कळतं. काम नाजूक होतं, म्हणून मी सगळ्यात छोटा नंबर मागितला. शेठनी ऐंशी नंबर काढला.

"लोखंडी गेट घासायचाय?" त्यांनी विचारलं.

"नाही, मारुती."

शेठनी माझ्याकडे बघितलं आणि कागद बांधून दिला. त्यानंतर खड्डा भरायची लांबी घेतली. लांबीच्या डब्याबरोबर हार्डनरची एक छोटी ट्यूब येते, लांबी कडक व्हायला तिच्यात कालवायची असते. हे मला व्हिडिओवरून माहीत होतं, त्यामुळे मी खूश झालो. शेठ रंगाचा डबा बांधता बांधता म्हणाले, "रंगात घालायला हार्डनर?"

"आहे," मी ट्यूब दाखवली.

"ती लांबीची. रंगाचं दुसरं येते."

एकदा घेतलेली वस्तू वेगळ्या बाटलीत भरून पुन्हा गळ्यात मारायचा हा डाव मी लगेच ओळखला. "एक पुरे," मी म्हणालो. शेठनी खांदे उडवले. गिऱ्हाईक देव असतो, आणि देवाशी कोण वाद घालणार?

अंगणात काम सुरू केलं. ऐंशी नंबरच्या नाजूक कागदाने मी मांजरीला कुरवाळावं तसं दार कुरवाळलं. वीतभर ओरखडा हातभर झाला. कडा सारख्या करायला म्हणून आणखी घासलं तर खालून पत्रा डोकावू लागला आणि त्या भागातला लाल पट्टा गेला. निर्मला दारात उभी होती.

"बाबांचा पट्टा गेला," ती म्हणाली.

"पुन्हा ओढू."

"तो त्यांनी हाताने ओढला होता हो." एवढं बोलून ती आत गेली. मी तिथेच कागद हातात धरून बसलो. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून पत्रा झाकला जात नाही, म्हणून मी पुढे घासत राहिलो.

दाराला लांबी भरली, ती बऱ्यापैकी बसली. आता रंग फवारायचा. स्प्रे गनला कॉम्प्रेसर लागतो आणि कॉम्प्रेसर माझ्याकडे नव्हता. पण आमच्या कचेरीतल्या एकाची चिकूची वाडी आहे, आणि झाडांना औषध मारायचा त्याचा पंप मी अनेकदा बघितला होता. फवारणी म्हणजे फवारणी. चिकूचं एवढं उंच झाड जर त्याने भिजतं तर मारुतीचं दार काय चीज आहे? मी पंप आणला, त्यात रंग आणि थिनर ओतलं आणि दांडा दाबला.

दाराला गोवर आला. थेंब थेंब, काही वाटाण्याएवढे, काही ओघळून खालपर्यंत. थोडे पुढच्या दारावर, थोडे टपावर, काही शेजारणीने वाळत घातलेल्या बोंबलांवर. मग थिनरने पंपाचे रबरी वायसर खाल्ले आणि पंपाने शेवटची उचकी दिली. शेजारीण बोंबील उचलताना जे बोलली ते इथे लिहीत नाही. तिच्या भाषेतली काही विशेषणं मात्र मला पहिल्यांदाच कळली.

आता दारावरचे, टपावरचे, पुढचे सगळे थेंब घासून काढणं आलं. ते काढले. मग सगळी गाडी अशी टकली दिसू लागली की फक्त दार रंगवणं शक्यच नव्हतं. शिवाय दाराचा एक कोपरा नव्या पांढऱ्याने करून बघितला तर बाकीची गाडी त्याच्यापुढे न धुतलेल्या धोतरासारखी दिसायला लागली. वीतभर ओरखड्यासाठी मी अख्खी व्हॅन रंगवायला निघालो होतो. उरलेला लाल पट्टाही काढला. पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणला. शेठकडून स्प्रे गन आणि आणखी रंग आणला. (त्यांनी पुन्हा हार्डनरचं विचारलं. मी पुन्हा ट्यूब दाखवली. शेठ हसले. मला वाटलं, डाव फसल्याचं हसू आहे.)

व्हिडिओतला माणूस म्हणतो, काढता येतील ते भाग काढून मग रंग मारा. म्हणून मी पुढचा बंपर काढला. त्याच्यामागे हॉर्न होता, त्यावर रंग उडू नये म्हणून वायर सोडवून तोही काढला आणि नीट कागदात गुंडाळून घरात फळीवर ठेवला. काचांना वर्तमानपत्र लावलं. कॉम्प्रेसर सुरू केला. आणि काय सांगू, या वेळी रंग सुंदर बसला. शुभ्र, चकचकीत, कुठे थेंब नाही, ओघळ नाही. मी बंपर परत लावला, कागद काढले आणि दोन पावलं मागे सरकून माझ्या कामाकडे बघितलं. मला स्वतःचा अभिमान वाटला. तो वाटला की माझं काहीतरी चुकलेलं असतं, एवढा अनुभव गाठीशी असूनही वाटला.

निर्मलाने गाडीभोवती एक फेरी मारली.

"छान झाली," ती म्हणाली. "पण कशासारखी तरी दिसते."

"कशासारखी?"

"आठवत नाही. कुठेतरी बघितलीय अशी." तिने दाराला बोट लावलं. "अजून चिकटतंय."

"खारा वारा आहे, दमट हवा. सुकेल की. सुकलं म्हणजे लाल पट्टा ओढतो."

सुकेना. रोज मी बोट लावून बघायचो आणि रोज माझ्या बोटाचा ठसा त्यावर राहायचा. मग मी ते ठसे फडक्याने पुसायचो. असं चाललेलं असतानाच पुष्पाचा फोन आला.

"भाऊजी, डॉक्टर म्हणतात आज न्या. आता ठेवण्यात अर्थ नाही म्हणतात." तिचा आवाज बारीक झाला. "बाबा सारखं विचारतात, गाडी निघाली का?"

"निघाली सांग," मी म्हणालो. लाल डबा उघडायलाही वेळ नव्हता. मागची सीट पाडून गादी टाकली, खिडक्यांना पडदे लावले आणि निघालो. ओल्या रंगावर महामार्गाची धूळ, पाखरं, एका ट्रकमधून उडालेलं गवत असं सगळं येऊन बसत होतं. निर्मला शेजारी बसली होती. तिचे वडील घरी मरायला येत होते आणि मी मनातल्या मनात पट्ट्याबद्दल काय सांगायचं ते जुळवत होतो. माणूस असा असतो, निदान मी तरी असा आहे.

दवाखान्याच्या फाटकात वॉचमनने हात केला. गाडीकडे आदराने बघून तो हळू आवाजात म्हणाला, "शववाहिनी मागच्या गेटने घ्या, भाऊ. बॉडी तिकडून देतात."

मी निर्मलाकडे बघितलं.

"आता आठवलं," ती म्हणाली.

बाबांना स्ट्रेचरवरून आणलं. अंगात काही उरलं नव्हतं, चादरीखाली माणूस आहे हे सांगावं लागलं असतं. त्यांनी मान वळवून व्हॅनकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पट्टा कुठं?"

"धूळ बसलीय, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. चाळीस वर्षं गाडीवर काढलेल्या माणसाला मी धूळ सांगत होतो. मला माझीच लाज वाटली, पण तोवर पुष्पाने त्यांना गादीवर घेतलं होतं आणि सरकतं दार लागलं होतं.

त्यांना गचका सोसत नव्हता, म्हणून मी बैलगाडीच्या चालीने चाललो. पडदे ओढलेले, गाडी धुळीतून मुकाट सरकतेय. निर्मलाही मागे जाऊन त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसली. ताडाची झाडं दिसली आणि मागून आवाज आला, "हॉर्न दे."

मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"दे ना रे. बुधी चहा ठेवेल."

"बाबा," मी म्हणालो, "हॉर्न डहाणूला आहे."

मागून बाबा म्हणाले, "मी उधव्याला आणि हॉर्न डहाणूला." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

वळणावर दगडावर लक्ष्याकाका बसले होते, बाबांचे धाकटे भाऊ. देवजीदादा आज येणार हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच ते लाल पट्ट्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. त्यांना दिसली ती नुसती पांढरी, पडदे लावलेली, हॉर्न न देता सावकाश येणारी गाडी. ते उभे राहिले. टोपी काढली. मग टोपी हातात तशीच धरून पाड्याकडे पळत सुटले. मी काच खाली करून "काका, काका" असं ओरडलो, पण पळणाऱ्या माणसाला मागचं ऐकू येत नाही.

आम्ही अंगणात पोचेपर्यंत रडारड सुरू झाली होती. बाया धावत आल्या आणि व्हॅनवर तळहात आपटून आकांत करू लागल्या. मी आरशात मागे बघून म्हणालो, "बाबा, मी दार उघडतो, सांगतो त्यांना."

"गप," बाबा म्हणाले. "ऐकू दे."

"बाबा!" निर्मला रडत म्हणाली.

"ऐकू दे ग. हे कोणाला ऐकायला मिळतं?"

मी उतरलो. उतरलो, पण बोलायची बंदी होती. आयुष्यभर माझं कोणी ऐकलं नव्हतं, आणि ज्या दिवशी सगळा पाडा माझ्या तोंडाकडे बघत होता त्या दिवशी मी सासऱ्यांच्या हुकमात होतो. मी खाली मान घालून मागे गेलो. बैलगाडीच्या चालीने गाडी चालवून कंबर धरली होती, म्हणून मागच्या दाराला टेकून उभा राहिलो. लोकांना ते दुःख वाटलं.

बाया रडता रडता बोलत होत्या, आमच्याकडे गेलेल्याला असं हाक मारून सांगतात. "देवजीभाऊ, माझी लाडकी लेक बाळंतपणात अडली तव्हा तूच नेलास रे!" "पुराच्या पाण्यातून नेलास रे, कधी 'नाय' बोलला नाय!" "आता आमाला कोण नेईल रे भाऊ!" प्रत्येक हाकेला एक हात दारावर आपटत होता. बाबा आत पडद्याआड पडून सगळं ऐकत होते. तेवढ्यात लक्ष्याकाका टपावर दोन्ही हात आपटून ओरडले, "दादा, ही गाडी मना देनार होतास रे दादा!"

आतून बारीक आवाजात बाबा पुष्पाला म्हणाले, "कधी बोललो होतो?" पुष्पाने नंतर सांगितलं, तिला त्या वेळी हसू आलं आणि त्याच हसण्याचं रडू झालं.

मग बाया बाजूला झाल्या. बुधीबाई आल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. त्यांनी सरकत्या दारावर हात ठेवला, मी जिथून सगळं सुरू केलं त्याच दारावर, आणि पत्र्याशीच बोलावं तशा म्हणाल्या, "हॉर्न नाय दिलास. मी चहा नाय ठेवला."

"मग ठेव आता," आतून बाबा म्हणाले.

अंगणात जी किंकाळी उठली ती सेलवासपर्यंत गेली असेल. लक्ष्याकाका टोपीसकट खाली बसले. दोघीजणी शेताच्या दिशेने पळाल्या. बुधीबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी दार सरकवलं, आत बघितलं आणि दोन्ही हातांनी नवऱ्याचं तोंड कुरवाळलं. बाबांच्या दोन्ही गालांवर पांढरे पट्टे उमटले.

तेव्हा सगळ्यांनी आपापले हात बघितले. तळहात न् तळहात पांढरा. आमच्याकडे दिवाळीला तांदळाच्या पिठात हात बुडवून गुरांच्या अंगावर आणि कणगीवर पंजे उमटवतात, तसे सगळ्यांचे हात झाले होते. आणि व्हॅनभर पंजे रुतले होते, बायांचे, पोरींचे, टपाच्या कडेला लक्ष्याकाकांचे दोन. मी इतके दिवस ज्या रंगावर एक बोट उमटू दिलं नव्हतं, त्याची ही दशा झाली होती.

मी आणि काकांनी बाबांना उतरवलं. उतरताना त्यांनी आधाराला दाराची कड धरली. हात उचलून बघितला, पांढरा होता. मग दाराकडे बघितलं.

"वला हाय," ते म्हणाले.

"हो, बाबा. सुकतच नाही."

"पट्टा तू खरवडलास."

"हो, बाबा."

"खांबाला लावलीस?"

"हो." आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

ते थोडं हसले. मग बुधीबाईंच्या पंजाशेजारी त्यांनी आपला हात ठेवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला. "काम घाण केलंस, जावई," ते म्हणाले. "पण आपल्याच गाडीतून आणलंस." आणि त्यांनी चहाचं विचारलं. डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजून द्यायला सांगितलं होतं. कोणी काही मोजलं नाही. कपभर चहा ते पुरा प्याले. मी अंगणाच्या कडेला तोंड फिरवून उभा राहिलो, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि आजच्या दिवसात पाड्याने माझ्या पुष्कळ गोष्टी बघितल्या होत्या.

त्यानंतर बाबा फार दिवस नव्हते. एका सकाळी घरातच, अंगणाकडे तोंड करून गेले. तेव्हा कोणीच लगेच रडलं नाही. सगळे आधी माझ्याकडे बघू लागले. लक्ष्याकाकांनी तर छातीला कान लावून खात्री करून घेतली आणि मगच टोपी काढली. पहिल्या वेळच्या रडण्यात लोकांनी सगळं बोलून टाकलं होतं, त्यामुळे या वेळी पाडा बराच वेळ नुसता बसून होता. त्या शांततेत मला डहाणूच्या फळीवरचा तो हॉर्न आठवत राहिला.

बाराव्यानंतर मी पुन्हा शेठच्या दुकानात गेलो आणि वाद न घालता रंगाचं हार्डनर मागितलं. मोठ्या नंबरचे, खरोखरचे बारीक पेपरही घेतले. पाड्यात जाऊन सासूबाईंना म्हणालो, "आई, गाडी नीट करून देतो. हे सगळे डाग काढतो, वरून चांगला रंग मारतो."

बुधीबाई व्हॅनच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या, त्या दोन पंजांना पाठीने झाकून. "हात नाय लावायचा," त्या म्हणाल्या. मी हार्डनर आणि पेपर पिशवीत भरून परत आणलं. हॉर्न तेवढा बसवून आलो.

उन्हं खाऊन खाऊन तो रंग अखेर कडक झाला, सगळे हात पोटात घेऊन. व्हॅन आता लक्ष्याकाका चालवतात आणि ताडाच्या वळणावर दोन छोटे, एक लांब हॉर्न देतात. बुधीबाई आधण ठेवतात. आधी नुसत्या सवयीने ठेवत, आता काकांना चहा लागतो म्हणून ठेवतात, असं त्या सांगतात.

दसऱ्याला गाडीची पूजा होती. आम्ही सगळे गेलो होतो. व्हॅन धुऊन झेंडूची माळ घातली होती. बुधीबाईंनी कुंकवाची वाटी घेतली आणि आधी बाबांच्या पंजाला बोट लावलं. त्यांचा हात तिथे थोडा थांबला. मग आपल्या पंजाला, मग एकेका पंजाला, ज्याचा पंजा त्याचं नाव घेत, अशा त्या गाडीभोवती फिरल्या. निर्मला माझ्या शेजारी उभी राहून डोळे पुसत होती. मलाही भरून आलं होतं. म्हटलं, एवढ्या सगळ्यांचे हात ज्या रंगाने धरून ठेवले तो रंग शेवटी आपण मारलेला आहे.

फेरी मागच्या दाराशी आली आणि पुष्पा थांबली. तिथे कमरेच्या उंचीवर पंजा नव्हता. दोन भले थोरले गोल शेजारी शेजारी रुतलेले होते, त्यांच्यावर पॅन्टच्या कापडाची वीणसुद्धा स्पष्ट उठली होती, आणि उजव्या गोलात मागच्या खिशाचं बटण.

"आई," पुष्पाने ओठ दाबून विचारलं, "याला पण लावायचं?"

बुधीबाईंनी वाकून नीट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग वाटीतलं उरलंसुरलं सगळं कुंकू बोटावर घेतलं.

"लावायचं," त्या म्हणाल्या. "आपल्या घरचंच हाय."